तात्पुरता पत्रा

धाकटी चिडली की आधी तिचे कान लाल व्हायचे, मग मान, आणि मग आजूबाजूच्यांना एकदम आपापली कामं आठवायची. त्या दिवशी सकाळी बसमधून उतरली तेव्हाच मान लाल झालेली होती. खांद्यावर हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात गच्च बसलेले भाग ओढून काढायचा पुलर, आणि वर्कशॉपात रजेचा अर्जसुद्धा न टाकता निघालेली. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसानं पुलरकडे बोट दाखवून हे काय आहे असं विचारलं, तर तिनं असं काही पाहिलं की तो पुढच्या थांब्यावर जागा बदलून बसला.

कारण साधं होतं. आदल्या दिवशी दादाचा, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा, फोन आला होता. आप्पांचा ट्रॅक्टर उद्या दुपारी चार वाजता जाणार. मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला तो हवाय. लाल रंग देऊन तो फाटकाशी उभा करणार, आणि बॉनेटवर, मडगार्डवर, सीटवर फुलांच्या कुंड्या ठेवणार. दादानं हे असं सांगितलं की जणू घरातल्या म्हाताऱ्या माणसाची कुठे तरी चांगली सोय लागली.

कुंड्या! ज्या सीटवर बसून आप्पांनी पन्नास वर्षं रान नांगरलं, त्या सीटवर कुंडी. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती रात्रभर तिथेच राहिली.

ट्रॅक्टर आप्पांच्या लग्नाच्याही आधीचा. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, सुटे भाग कुठे मिळत नाहीत, आवाज असा की दोन शेतं पलीकडची कुत्री उठून बसतात. तरी आप्पा वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही रोज सकाळी त्याला चालू करायचे. आई गेल्यापासून तर तेवढंच त्यांचं बोलणं-चालणं. आणि तीन आठवड्यांपूर्वी रानातून परतताना त्यांनी तोच ट्रॅक्टर फाटकाच्या खांबावर घातला. फाटक धरून वहिनी उभी होती. खांब आडवा झाला आणि चाक तिच्यापासून दोन हातांवर थांबलं. मध्ये खांब नसता तर काय झालं असतं, हे घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

दादानं त्याच संध्याकाळी किल्ली काढून घेतली. आप्पांचे हात कापतात, त्यांना दिसत नाही, आता बास झालं, असं त्यानं येईल त्याला सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरनं नजर वयाच्या मानानं ठणठणीत आहे म्हटलं, तर दादा म्हणाला डॉक्टरला कुठे फाटकात उभं राहायचंय. आणि आप्पा? आप्पा फक्त म्हणाले, “चुकलं माझं.” धाकटीला सगळ्यात जास्त राग ह्या दोन शब्दांचा आला होता. उभ्या आयुष्यात खरंच चुकलं तेव्हाही जो माणूस कधी चुकलं म्हणाला नाही, त्याच्या तोंडून हे वदवून घेतलं म्हणजे यांनी त्याचा किती छळ केला असेल!

दादा शेडच्या दाराशीच भेटला. तिनं पिशवी खाली ठेवली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. शेजारचा दूधवाला कुंपणापलीकडे किटल्या घासत होता. त्यानं मान वर केली नाही, पण घासण्याचा आवाज मात्र बंद झाला.

धाकटी म्हणाली की गाडी बिघडली आणि शिक्षा म्हाताऱ्याला. म्हणाली की तुझ्या डोळ्यांसमोर ती सडत होती आणि तुला ग्रीसची पिचकारी उचलवली नाही. म्हणाली की स्टेअरिंग ढिलं झालं की आधी मिस्त्रीला कळतं, मग चालवणाऱ्याला, आणि सगळ्यात शेवटी तुझ्यासारख्या आळशाला. मग थोडं थांबून, शब्द निवडून म्हणाली, “आपला निष्काळजीपणा दुसऱ्याच्या माथी मारणारा माणूस मला भाऊ म्हणायची लाज वाटते.”

दादानं सगळं ऐकून घेतलं. तो काही गरीब गाय नव्हता, पण त्याला बहीण माहीत होती. “बघ काय बघायचं ते,” तो म्हणाला, “चारला ट्रक येतोय.”

आता स्टेअरिंगमध्ये ढील कुठे आहे हे शोधायला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून स्टेअरिंगचं चाक हळूहळू डावीउजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली आडवं पडून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. पंजा अर्धा ह्या भागावर, अर्धा त्या भागावर. जिथे एक भाग हलतो आणि दुसरा गप्प राहतो, तिथे ढील. डोळ्यांना दिसत नाही ते तळहाताला कळतं. लहानपणापासून हे काम आप्पा आणि धाकटी मिळून करत आले होते. ते वरून विचारायचे, “मिस्त्री, लागला का?” आणि ती खालून म्हणायची, “अजून नाही.” आठ वर्षांच्या पोरीला मिस्त्री म्हणणारा बाप अख्ख्या गावात एकच होता. पुढे ती खरंच मिस्त्री झाली, आणि आता शहरातल्या मोठ्या वर्कशॉपात बारा माणसांची फोरमन होती.

म्हणून ती आप्पांना बोलवायला आत गेली. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते, मांडीवर चष्म्याची डबी. किती वाळले होते! ती म्हणाली चला, सीटवर बसा, गाडी चालू करायची नाहीये, नुसतं चाक हलवायचंय. आप्पांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. “राहू दे,” म्हणाले, “जाऊ दे त्याला.” तिनं पुन्हा म्हटलं, तर त्यांनी मान खिडकीकडे वळवली. यांनी माणूस पार मोडून टाकला, असं मनात म्हणत ती पाय आपटत बाहेर आली.

शेवटी वहिनी सीटवर बसली. कुणी सांगितलं नव्हतं, ओले हात पदराला पुसत आली आणि चढली. खांब पडला त्या दिवसापासून ती शेडच्या बाजूला फिरकली नव्हती, हे धाकटीला नंतर कळलं. दादा दाराला टेकून उभा राहिला.

वहिनी चाक फिरवायला लागली, आणि धाकटीनं खालून पाहिलं तर अंगावर काटा आला. जवळजवळ अर्धा फेरा चाक नुसतंच फिरत होतं. पुढची चाकं ढिम्म. असं स्टेअरिंग घेऊन कुणी फाटकातून नेमकी गाडी काढू शकला नसता, मग हात कापोत नाहीतर न कापोत. तिला आसुरी आनंद झाला. ती खालूनच ओरडून दादाला म्हणाली, ये, बघ, हे तुझे म्हाताऱ्याचे कापणारे हात.

मग ती एकेका सांध्यावर गेली. चाकांजवळचे बॉल जॉइंट आधी. तिला खात्री होती की ते गंजून खुळखुळे झाले असणार. पण ते घट्ट होते. नवे होते. ग्रीस भरलेलं, वर रबराची टोपीसुद्धा. दादा दारातून म्हणाला की मागच्या वर्षी तीन गावं हिंडून मिळवले आणि स्वतः बसवले, महिन्याला ग्रीसही तोच भरतो. पण राग असा सहजासहजी थोडाच विझतो, त्यानं नुसता मोर्चा वळवला. मग म्हणजे बाजारातल्या मिस्त्रीनं स्टेअरिंगचा डबा उघडून घाण केली असणार. त्या खाटकाला ती ओळखून होती. तिनं विचारलं, त्यानं कधी हात लावला होता?

“कुणीच लावला नाही,” दादा म्हणाला. “मी तीनदा बोलावला त्याला. आप्पांनी दारातून परत पाठवला. म्हणाले, स्टेअरिंगचं काम माझी पोर करून गेलीय, त्याला दुसऱ्या कुणाचा हात नको.”

हे ऐकून धाकटीला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. क्षणभर. कारण तेवढ्यात तिचा हात आर्मवर गेला होता. स्टेअरिंगच्या डब्यातून जाडजूड दांडा बाहेर येतो, आणि त्याच्या टोकावर हातभर लांबीचा लोखंडी आर्म बसलेला असतो. दांड्याला दाते असतात, आर्मच्या आतही दाते असतात, ते एकमेकांत गच्च बसले की दांडा फिरेल तसा आर्म फिरतो आणि चाकं वळतात. तिचा अर्धा पंजा दांड्यावर होता, अर्धा आर्मवर. दांडा फिरत होता. आर्म गप्प होता.

तिनं नट सोडला. पुलर लावला, बोल्ट आवळला, हातोडीचा एक ठोका दिला. आर्म सुटून हातात आला, आणि त्याच्याबरोबर बोटभर लांबीची पत्र्याची पट्टी तिच्या छातीवर पडली. झिजलेली, एका बाजूनं तुटलेली. दुसऱ्या बाजूला अजून हिरवा रंग होता आणि त्या रंगावर अर्धं पिवळं फूल.

ते फूल तिच्या ओळखीचं होतं. वहिनीच्या बिस्किटांच्या डब्याचं झाकण. सहा वर्षांपूर्वी धाकटीनं ते विचारल्याशिवाय कापलं होतं आणि वहिनी दोन दिवस फुगून बसली होती.

आता तिला सगळं आठवलं. दोन दिवसांसाठी आली होती. आर्मचे दाते झिजले होते, नवा मिळणं शक्य नव्हतं, बनवूनच आणावा लागणार होता. तोवर म्हणून तिनं दात्यांच्या फटीत पत्रा घातला, नट आवळला, आणि आप्पांना म्हणाली महिनाभर चालवा, पुढच्या खेपेला नवा आर्म आणते. स्टेअरिंग असं घट्ट झालं की आप्पांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मग ती गेली. मग बढती मिळाली. आप्पा फोनवर विचारायचे, आर्मचं कसं? ती म्हणायची पुढच्या वेळी. वर्षभरानं त्यांनी विचारणं सोडलं, आणि तिच्या डोक्यात त्या कामाची नोंद ‘स्टेअरिंग नीट केलं’ अशी होऊन बसली. तात्पुरतं काम एवढं छान झालं की तात्पुरतं होतं हेच ती विसरली.

आणि हीच बाई वर्कशॉपात काय म्हणायची? पत्रा घालणारा मिस्त्री नव्हे. ज्याला पत्राच घालायचा असेल त्यानं इथून उठावं आणि शेडवर छपरं घालत फिरावं. मागच्याच महिन्यात एका फिटरनं पंपात पत्र्याची पट्टी घातली म्हणून तिनं त्याचा साऱ्यांसमोर असा पाणउतारा केला होता की तो जेवायला गेला नाही.

“काय सापडलं?” वरून वहिनीनं विचारलं.

धाकटीनं मूठ मिटली. ट्रॅक्टरखाली आडवी पडून, छताकडे नाही, इंजिनाच्या काळ्या पोटाकडे बघत ती पडून राहिली. मनात आलं ते आलं, ते नाकारून कसं चालेल. मूठ खिशात घालायची. दाते झिजलेत म्हणायचं, ते खोटं नव्हतंच. पत्र्याची नवी पट्टी कापायची, आर्म ठोकून बसवायचा, अर्ध्या तासात स्टेअरिंग घट्ट. आप्पा निर्दोष, ट्रॅक्टर घरात, दादा खाली मान घालून, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही. बाहेर पिशवीत कात्री होती. मग तिला वर सीटवरून लोंबणारे वहिनीचे पाय दिसले. पायाच्या बोटांना राख लागलेली होती. ते पाय दोन हातांच्या अंतरानं वाचले होते.

ती खालून सरकत बाहेर आली आणि कुणाशी न बोलता घरात शिरली. आप्पांच्या पुढ्यात उभी राहून तिनं मूठ उघडली.

आप्पांनी पट्टीकडे पाहिलं. मग मांडीवरची चष्म्याची डबी उघडली, चष्मा बाजूला केला, आणि खालच्या मखमलीवरून पत्र्याचा दुसरा तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. फूल पूर्ण झालं.

“कधी सापडला?”

“त्याच दिवशी. खांबापाशी पडला होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू?” आप्पा म्हणाले. “साऱ्या बाजारात सांगत फिरलो की माझ्या पोरीसारखा मिस्त्री नाही. त्यांना काय दाखवू, हे?”

धाकटीचा राग आता खरा पेटला. त्याला इतका वेळ जागा सापडत नव्हती, आता दोन सापडल्या. ती म्हणाली की म्हणून तुम्ही स्वतःला आंधळं म्हणवून घेतलंत? वहिनी मेली असती तर तिलाही डबीत लपवलं असतंत का? सहा वर्षं ढील वाढत होती, तुमच्या हाताला कळत होती, तरी चालवत राहिलात, कशासाठी? माझी शेखी मिरवायला? ही माया नाही आप्पा, हा हट्ट आहे. माझ्यावर चिडायचं होतंत. फोन करून शिव्या घालायच्या होत्यात.

आप्पांनी डबी मिटली. त्यांचा हात खरंच थोडा कापत होता.

“तू लांब राहतेस,” ते म्हणाले. “फोनवर चिडलं की माणूस फोन कमी करतं.”

ती तशीच बाहेर आली. मोठ्यानं, दूधवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, तिनं दादाला सांगितलं: पत्रा मी घातला, आर्म आणते म्हणाले आणि आणला नाही, तुझी चूक नाही, आप्पांची निम्मी, बाकी सगळी माझी.

दादाला हसता आलं असतं. पण तो हसला नाही, त्याचाही चेहरा लाल झाला होता, शेवटी रक्त एकच. “सकाळी मला काय काय म्हणालीस,” तो म्हणाला, “ते सगळं परत म्हण. ह्या वेळी स्वतःला.”

तिनं म्हटलं. एकही वाक्य गाळलं नाही. गाडी बिघडली आणि शिक्षा म्हाताऱ्याला, इथपासून सुरुवात केली. मिस्त्रीला सगळ्यात आधी कळतं, इथे आवाज चिरकला. शेवटचं लाजेचं वाक्य म्हणताना ती दादाच्या डोळ्यांत बघत होती, आणि मध्येच त्यानं बास म्हणून हात वर केला तरी ती थांबली नाही. कुंपणापलीकडे दूधवाल्यानं किटली हळूच जमिनीवर ठेवली.

चारला ट्रक आला. दादा फाटकाकडे निघाला, पण वहिनी त्याच्या आधी पोचली. तिनं ड्रायव्हरला सांगितलं की ट्रॅक्टर कुठे जाणार नाहीये, कुंड्या ठेवायला एखादं बाकडं बघा. दादा म्हणाला, हे तू ठरवणार?

“अंगावर माझ्या आला होता,” वहिनी म्हणाली. “मीच ठरवणार.”

तिनं दादाच्या खिशातून किल्ली काढून कमरेला खोवली आणि धाकटीकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, आणि धाकटीला तो चढायला हवा होता. “दांडा आणि आर्म, दोन्ही नवे आण. महिनाभर चालवा वगैरे मला ऐकायचं नाही. आणि ज्या दिवशी चालू होईल त्या दिवशी फाटक धरायला मी नाही, तू उभी राहायचंस. माझ्याच जागेवर.”

धाकटी नवव्या दिवशी परत आली. मधल्या दिवसांत काम सुटल्यावर ती मशीनपाशी उभी राहून दाते कापत होती. पहिला आर्म केसभर ढिला निघाला, तो तिनं भंगारात टाकला. ज्या फिटरचा पाणउतारा केला होता त्याला जवळ बोलावून पत्र्याचे दोन्ही तुकडे दाखवले आणि कुणाचे ते सांगितलं. दुसरा आर्म मोजायला त्यानं स्वतःची मापपट्टी दिली.

बसवताना ह्या खेपेला आप्पा सीटवर होते. लागला का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि तिनंही काही सांगितलं नाही. दोघांच्याही मनातली अढी गेली नव्हती. मग वहिनीनं कमरेची किल्ली काढून आप्पांच्या हातात दिली. ट्रॅक्टर धडधडत रानाच्या कडेपर्यंत गेला, तिथून वळला, आणि फाटकाकडे यायला लागला.

नवा खांब उभा केला होता. धाकटीनं फाटक धरलं. ट्रॅक्टर जवळ येत गेला तसं तिला पहिल्यांदा कळलं की तो केवढा मोठा आहे. मागचं चाक तिच्या छातीएवढं होतं. दांडा मी कापलाय, आर्म मी कापलाय, नट मी आवळलाय, असं ती स्वतःला सांगत होती आणि तरी तिनं फाटक दोन्ही हातांनी आवळून धरलं. आपल्या हाताच्या कामावर इतका जीव टांगून ती कधी उभी राहिली नव्हती. ह्या जागी वहिनी उभी होती, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. धाकटीला स्वतःची इतकी चीड आली की भीती मागे पडली. चाक सरळ रेषेत आलं आणि तिच्या बाजूनं निघून गेलं.

आप्पांनी आत येऊन ट्रॅक्टर थांबवला. दोन्ही हात स्टेअरिंगवरच होते. महिन्याभरानं पोटभर जेवायला बसलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता, पण कपाळावर एक आठी होती.

“जरा जड लागतंय,” ते म्हणाले. “उजवीकडे घेताना.”

नव्या दात्यांना असं होतंच. थोडं वापरलं की आपोआप मोकळं होतं, हे कुठल्याही मिस्त्रीला ठाऊक असतं. चालवा महिनाभर, हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. वहिनी शेडच्या दारात उभी राहून बघत होती.

धाकटीनं फाटक लावलं आणि हत्यारांची पिशवी उचलली.

“उतरा,” ती म्हणाली. “आत्ताच बघते.”